साळूबाईचं रोम

नीरोचं नाव निघालं की साळूबाई उठून शाळेच्या ओट्याच्या कडेला जायची आणि पचकन थुंकून यायची. "आईला मारलं मुडद्यानं," एवढंच म्हणायची आणि पुन्हा गुडघे पोटाशी घेऊन बसायची. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मलकापूरपासून दोन कोसांवरच्या वाडीतली बाई, घरचा ऊस, नवरा गेल्यावर एकटीनं गुऱ्हाळ चालवणारी. पण रोमच्या कुठल्या राजानं कुणाचा काटा काढला, हे तिला आमच्या शाळेतल्या पोरांपेक्षा चोख पाठ होतं. बाजारातल्या बायका तिला हसायच्या, मीही हसायचे. मग चव्वेचाळीस साल आलं आणि माझं ते हसणं बंद झालं.

मी सुहासिनी. मलकापूरच्या शाळेचे विष्णुपंत मास्तर माझे वडील, मी त्यांना अण्णा म्हणायचे. आई लहानपणीच गेली. सांगलीला मावशीकडे राहून मॅट्रिक झाले आणि लग्न जमेपर्यंत म्हणून अण्णांकडे, शाळेमागच्या दोन खोल्यांत, परत आले. लग्न काही लवकर जमलं नाही. जमलं असतं तर ह्या सगळ्या पापातून सुटले असते, पण ते असो.

त्या काळी खेड्यात शाळामास्तर तोच पोस्टमास्तर असायचा. शाळेच्या ओट्यावर एक कुलपाचं कपाट, एक शिक्का आणि शाईची गादी, की झालं पोस्ट. कराडहून डाकेचा माणूस पिशवी टाकून जायचा. आजूबाजूच्या वाड्यांना पोस्ट नव्हतं, तिथली पत्रं 'विष्णुपंत मास्तर यांचे मार्फत' अशी यायची आणि गुरुवारी कराडच्या बाजाराला जाता-येता माणसं ती घेऊन जायची. घेऊन म्हणजे काय, अण्णांकडून वाचून घ्यायची. कोणाच्या घरात काय शिजतंय ते अण्णांना त्या घराच्या आधी कळायचं, आणि तोंडातून कधी ब्र बाहेर पडायचा नाही. एवढा सरळ माणूस.

अण्णांना एकच नाद. त्यांच्याजवळ एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, ग्रीक आणि रोमन लोकांच्या इतिहासाचं, चित्रांसकट. शनिवारी अर्धी शाळा झाली की ते पुस्तक मांडीवर घेऊन पोरांना गोष्टी सांगायचे. बाकीची पोरं सुटायची वाट बघायची. एकटा जोतीराम, साळूबाईचा मुलगा, तोंड उघडं टाकून ऐकायचा आणि घरी जाऊन भाकरी थापणाऱ्या आईला सगळं जसंच्या तसं सांगायचा. हे वेड साळूबाईला लागलं ते असं, चुलीपुढं. अण्णांनी एकदा ग्रीसमधल्या त्या आयांची गोष्ट सांगितली होती, लढाईवर निघालेल्या मुलाला म्हणायच्या की जिंकून ढाल घेऊन ये, नाहीतर ढालीवर पडून ये. पुढच्या गुरुवारी साळूबाई ओट्यावर उभी. म्हणाली, "मास्तर, असली आई मला दावा. तिच्या तोंडात श्यान घालती."

पण तिचाच मुलगा पुढं पलटणीत गेला. वाडीत घरटी एक माणूस पलटणीत असायचा, त्यात नवल नव्हतं. जाताना बायकोला, विजयमालाला, आईच्या हवाली करून गेला. विजयमाला म्हसवडची, जेमतेम सोळा वर्षांची, गप्प पोरगी.

आता त्या वाडीतल्या विहिरीचं सांगायला हवं, नाहीतर अण्णांनी पुढं जे केलं ते तुम्हाला कळायचं नाही. बेचाळीस सालची गोष्ट. साळूबाईच्या शेजारी दगडाबाईचं घर. तिचा मुलगा कृष्णात आफ्रिकेत लढाईवर. एके दिवशी तार आली. कराडहून आलेला माणूस नवीन होता, त्यानं ती मास्तरांकडे न देता थेट वाडीत नेऊन दिली. वाचणार कोण? आणि वाचायची गरज कोणाला? तार म्हणजे मढं, एवढंच सगळ्यांना माहीत. आयाबायांनी गळा काढला, कृष्णातच्या बायकोच्या बांगड्या दगडावर फोडल्या, कुंकू पुसलं. मनुबाई नाव तिचं. दिवस मावळायच्या आत तिनं विहीर जवळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी ती तार अण्णांकडे आणली. अण्णांनी वाचली. कृष्णातला रजा मिळाली होती, रविवारी पोचतो म्हणून त्यानंच हौसेनं तार केली होती. रविवारी तो पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन वाडीत शिरला.

त्या दिवसापासून तार हातात आली की अण्णा आधी ती तीनतीनदा स्वतःशी वाचायचे. मी बघितलंय.

जोतीराम त्रेचाळीस साली इटलीत उतरला. ठिकाणाचं नाव पत्रात लिहायची बंदी होती, लिहिलंच तर वरचे लोक काळं फासायचे. पण पोरगं हुशार. पहिल्याच पत्रात लिहिलं, 'मास्तरांस सांगणे की त्यांच्या पुस्तकातील देशात आलो आहे.' अण्णा खुर्चीतून उठून उभेच राहिले. मग दर पत्रात तो एखादी जुनी वस्तू सांगायचा आणि अण्णा पुस्तक उघडून ठिकाण शोधायचे. राखेखाली गाडलेलं गाव बघितलं, रस्त्याच्या फरशीवर बैलगाडीच्या चाकोऱ्या अजून आहेत, ज्या डोंगरानं राख ओकली तो अजून धुमसतोय, असं चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात आलं. तिथं साखळीला बांधलेला एक कुत्रा तसाच मेलेला सापडला होता, त्याचा ठसा त्यानं बघितला. साळूबाईला गावापेक्षा कुत्र्याचंच वाईट वाटलं. पळताना साखळी सोडायला काय झालं होतं त्यांना, म्हणून ती अण्णांनाच रागावली.

आणि मग तिनं ते स्टेशनांचं काढलं. तिचं माहेर लोणंद, बहीण टाकारीला दिलेली. मिरजेकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीची सगळी ठेसनं तिच्या जिभेवर. इटली म्हणजे उभा लांब मुलूख, खालून वर लढत जायचं, हे अण्णांनी सांगितल्यावर ती म्हणाली, मग सोपं हाय की. जहाजातून उतरला ते मिरज. राखेतलं गाव म्हणजे टाकारी. अण्णा म्हणाले, रोम म्हणजे सातारा धरू, राजधानी आहे. तर म्हणाली, साताऱ्यात गाडी कुठं जाती वं, ठेसन राहिलं लांब. रोमला नदी हाय न्हवं? मग कराड. असं रोम कराडला आलं. पुढं धुक्याचं एक तळं लागलं, जिथं हत्तीवाल्या सेनापतीनं रोमची सगळी फौज बुडवून मारली, ते रहिमतपूर. त्याच्या वर एका टेकडीवर दगडी पायऱ्यांचं अर्धगोल नाट्यगृह, ते वाठार. जर्मन पुण्याच्या पलीकडे. "पुनं आलं की लढाई सपली, आन् माझा जोती घरला," असा तिचा हिशेब. दर गुरुवारी ऐकून जायची आणि घरी सुनेला सांगायची, गाडी कुठवर आली ते. विजयमाला पत्र पेटीत ठेवायची आणि दर रविवारी म्हसवडच्या सिद्धनाथाचा कडकडीत उपास करायची, पाण्याचा थेंब न घेता, सूर्य मावळेपर्यंत.

वाठारचं पत्र भाद्रपदात आलं. ते शेवटचं.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. दुपारी पिशवी आली, अण्णांनी ती ओट्यावर रिकामी केली आणि एकदम खाली बसले. मी आतून धावले. हातात तार. 'शिपाई जोतीराम लढाईत बेपत्ता.' बाकी सरकारी दिलगिरी. मला वाटलं अण्णा आता छत्री घेऊन वाडीला निघतील. पण त्यांनी उठून शाळेचं दार लावलं. म्हणाले, बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. पण हे त्या वाडीत कोणाला समजावणार? तार दिसली की त्या पोरीच्या बांगड्या फुटणार. आठ दिवसांत खरी बातमी येईल, सापडला म्हणून येईल, तेव्हा दोन्ही एकदम सांगू. शिवाय तोंडावर दिवाळी. तार माझ्या मार्फत आली आहे, माझी सही चालते, असं ते मला नाही, स्वतःलाच सांगत होते. तार त्यांनी त्या जाड पुस्तकात ठेवली.

मी त्यांना अडवायला हवं होतं. नाही अडवलं. मलाही ती विहीर दिसत होती.

पहिल्या गुरुवारी साळूबाईला सांगितलं, पत्र नाही. दुसऱ्या गुरुवारी सांगितलं, वाटेत डाक लुटली असेल. त्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे चळवळीतल्या लोकांकडून टपालाच्या पिशव्या लुटल्या जायच्याच, कोणाला खोटं वाटायचं कारण नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी ती पुन्हा आली. ओट्यावर बसली ती बसलीच, बाजार उठून गेला तरी बसून होती. मग हळूच म्हणाली की सुनेनं दोन दिवस झाले अन्न सोडलंय, नुसती दाराकडं बघत बसती. ती गेल्यावर अण्णांनी माझ्यापुढं कागद सरकवला. मी जोतीरामच्या नावानं पत्र लिहिलं.

हात मोडला का नाही माझा, असं मी नंतर हजारदा म्हटलं. पण त्या दिवशी लिहिताना मला उलट बरं वाटलं होतं. पुस्तक उघडलं, चित्र बघितलं, लिहिलं. गुरुवारी अण्णांनी ते वाचून दाखवलं आणि साळूबाईच्या तोंडावर असं काही आलं की मी आत निघून गेले. विजयमाला त्या रात्री जेवली म्हणे.

तिथून पुढं मला गुरुवारची धास्ती बसली. सकाळी ओटा झाडताना रस्त्यावर धुळीत तिचं हिरवं लुगडं दिसलं की मी केरसुणी टाकून आत जायचे. ती काय विचारील, कुठला शब्द पकडील. मला झोप नव्हती, अण्णांना माझ्याहून नव्हती. पोस्टाचा कोणी साहेब तपासणीला आला आणि त्यानं तारांची वही काढली तर? नोकरी जाईल ते सोडाच, तुरुंगाची पाळी. अण्णांनी तीस वर्षांत शाळेचा खडू घरी आणला नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, कोणी खाकी कपड्यातला माणूस रस्त्यानं गेला तरी आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. आणि दुसरी तार काही येईना. ना सापडला, ना मेला.

मी दोन पत्रं लिहिली. तिसऱ्यात घात झाला.

झालं काय, वाठारच्या वर पुस्तकात माझ्या कामाचं फारसं काही उरलं नाही. रोमन लोकांची खरी वस्ती खाली, वर नुसते डोंगर. काय लिहू? पानं उलटताना तळ्याचं चित्र आलं, धुकं, हत्ती, पाण्यात बुडणारे घोडे. झकास चित्र. मी तेच लिहिलं, मोठं रंगवून. जोतीरामनं खऱ्या पत्रात त्या तळ्याबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या. मी त्या विसरले. अण्णांच्याही लक्षात आलं नाही, त्यांचं लक्ष आता कशातच नव्हतं.

साळूबाई ऐकत होती. हत्ती आले तशी तिनं मान वर केली. म्हणाली, "थांबा मास्तर. हे रहिमतपूर हाय."

अण्णांनी वाचायचं थांबवलं.

ती बोटांवर मोजायला लागली. टाकारी, कराड, रहिमतपूर, वाठार. मग स्वतःशीच बोलल्यागत म्हणाली की वाठार सोडलेला माणूस रहिमतपुराला उलटा कशापायी येईल? फौज माघारी पळाली का काय? का जखमी झाला, म्हणून मागं आणलाय? लढाईत मागं आणत्यात ते जखमीच आणत्यात. मास्तर, त्यानं लिवलं न्हाई का, कुठं लागलंय? असं विचारत विचारत तिनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकून उभी होते. माझं तोंड तेव्हा कसं झालं असेल देव जाणे. तिचं बोट हवेत तसंच राहिलं.

मग तिनं विचारलं, आवाज अजिबात न चढवता, "मास्तर, तार कवा आली?"

अण्णा उठले, पुस्तक काढलं, तार काढली. त्यांना वाचता येईना, डोळ्यांना पाणी आलं होतं. मी वाचली. बेपत्ता म्हणजे काय ते समजावलं. म्हंजी मेला का, तिनं विचारलं. नाही, सापडत नाही, एवढंच. तिनं तो कागद हातात घेतला, उलटासुलटा बघितला, जिथं जोतीरामचं नाव होतं तिथं मी बोट ठेवलं तर तिनं माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. मग मात्र तिचा तोल सुटला. अण्णांना तिनं काय काय ऐकवलं ते मी सांगत नाही. माझं पोर हाय, तुमचं न्हवं. तुमी कोन माझ्या पोराची बातमी दाबून ठेवनार? तुमचं वाचन जळो आणि तुमचं रोम जळो. अण्णा खाली मान घालून उभे. शेवटी एवढंच म्हणाले की साळूबाई, मला त्या मनुबाईच्या विहिरीची भीती वाटली.

साळूबाई खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. मनुबाईच्या बांगड्या फोडायला जमलेल्या बायकांत तीही होती, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तिनंच सांगितलं. तिचा एक हात त्या पोरीच्या मनगटावर होता म्हणे.

अंगणातलं ऊन कलेपर्यंत ती बसून राहिली. जाताना ते खोटं पत्र तिनं माझ्याकडं परत केलं आणि म्हणाली, "ताई, हे फाडा, दुसरं लिवा. वाठारच्या म्होरं अदर्कीचा घाट लागतो. तितं गाडी लय हळू चालती. त्याला घाटात ठिवा."

त्या दिवसापासून आम्ही तिघं झालो. आणि खरं सांगते, भीती तिघांत वाटली गेली नाही, तिप्पट झाली. आधी आम्ही साळूबाईला भ्यायचो, आता तिघंही त्या एकोणीस वर्षांच्या पोरीला भ्यायला लागलो. दर गुरुवारी साळूबाई यायची, पत्रात काय असावं ते सांगायची आणि मी लिहायचे. घाटात थंडी लय पडलीया, बर्फ हाय, म्हणून फौज एका जागी थांबलीया. हे खरंही होतं, वर्तमानपत्रातही तसंच येत होतं. एखादी जुनी गोष्ट घाला म्हणायची, नाहीतर तिला त्याचं पत्र वाटायचं न्हाई. मग मी पुस्तकातून एखादा सेनापती काढायचे. साळूबाई तो नीट ऐकून घ्यायची, पूर्वीसारखीच मधेमधे विचारायची, ह्याची आई होती का, बायको होती का, पोरं किती. कधी कधी दोघी बोलता बोलता विसरूनसुद्धा जायचो. मग एकदम आठवायचं आणि तिचे ओठ पांढरे पडायचे.

संक्रांतीला विजयमाला स्वतः आली, सासूबरोबर. मला वाण द्यायला. हातभर हिरवा चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दोघी सोप्यात बसल्या. ती लाजत म्हणाली की त्यांच्या पत्रातलं मला आता सगळं कळतं, आत्ती सांगत्यात. मग विचारलं, घाट कवा सपायचा? साळूबाई म्हणाली, होळीच्या म्होरं. मी तिळगूळ द्यायचा विसरले, तो तिनंच मागून घेतला.

होळी झाली. फाल्गुन संपला. वर्तमानपत्रात यायला लागलं की इटलीत फौजा हलल्या, जर्मन मागं सरतायत. सगळं गाव खूश, आता लढाई संपणार, पोरं घरी येणार. आमच्या तिघांच्या मात्र तोंडचं पाणी पळालेलं. घाटात किती दिवस ठेवणार? गाडी अदर्की सोडून सालप्याला आणली, तिथं पंधरा दिवस रखडवली. लोणंद आलं की पुढं नीरा, आणि मग पुणं किती लांब राहिलं? एका गुरुवारी साळूबाई म्हणाली, "ताई, एवडी गाडी पुन्याला नगं नेऊ म्हनून मीच देवाला इनवती, असली आई कुटं बगितली का?" मी तिचा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

पाडवा होऊन आठवडा झाला तो शनिवार. दुपारी पिशवीत तार आली. बर्फ वितळल्यावर डोंगरात प्रेतं सापडली होती. नंबर, नाव, पलटण, सगळं जुळत होतं. 'मृत घोषित.'

अण्णांनी ती पुस्तकात ठेवली नाही. टेबलावर समोर ठेवून बसले आणि म्हणाले, सुहास, मी जातो. उठले, ओट्याच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथंच बसले. रात्रीपर्यंत अंगात ताप भरला. रविवारी दुपारी मी लुगडं नेसले, तार कनवटीला खोचली आणि निघाले. त्या वाडीत मी जन्मात गेले नव्हते. दोन्ही बाजूंना तोडलेला ऊस, वाळलेलं पाचट, मधून बैलगाडीची वाट. वाटेत ती विहीर लागली. कठड्याला कोणी तरी शेंदूर फासलेला दगड लावला होता. मी तिकडं न बघता भराभर चालत सुटले, शेवटी तर पळाले.

ऊन उतरलं होतं. साळूबाई दारात बसून ज्वारी पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं. उठली नाही. मी कधी वाडीत येत नाही, हे तिला सांगायला नको होतं. एका हातानं तिनं दाराची चौकट धरली आणि मला हळूच विचारलं, मास्तरांनी धाडलं? मी मान हलवली. तिनं डोळे मिटले. चौकटीवरची तिची बोटं पांढरी झाली होती. मला वाटलं आता ती हंबरडा फोडील, आणि मला मनातून हवंच होतं की तिनं फोडावा, म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही.

आतून विजयमालाचा आवाज आला, कोन आलंय आत्ती? भांड्यांचा आवाज येत होता. रविवार, तिचा उपास. सूर्य मावळला होता आणि ती नुकती ताट वाढून घेऊन बसत होती.

साळूबाईनं डोळे उघडले. माझा हात गच्च धरून, माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "सकाळधरनं तोंडात पानी न्हाई तिच्या. आदी तिला जेवू द्या. एकदा कळलं की ह्या घरात चूल पेटनार न्हाई." आणि मोठ्यानं आत म्हणाली की सुहासताई आल्यात, पत्र घिऊन.

मी आत गेले. चुलीपुढं ताट, त्यात ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी. विजयमाला अर्धी उठली, मला पाट द्यायला. साळूबाईनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं. म्हणाली, तू जेव, ताई वाचतील. मी तिच्यासमोर बसले आणि कनवटीची तार काढून उलगडली. दोन ओळींचा इंग्रजी कागद, लिहिलेली बाजू माझ्याकडं धरली. ती बघत होती. मी वाचायला सुरुवात केली. 'चिरंजीव सौभाग्यवती विजयमालास अनेक आशीर्वाद.' काय वाचलं ते आज मला आठवत नाही. डोंगर उतरलो, असं म्हटलं. ऊन पडलंय, फुलं आलीत, असं म्हटलं. एक जुना पूल बघितला, रोमन लोकांचा, दोन हजार वर्षांचा, अजून त्याच्यावरून माणसं ये-जा करतात, असंही म्हटलं. विजयमाला एकेक घास घेत ऐकत होती, आणि मधेच तिनं सासूकडं बघून विचारलं, लोणंद आलं का वं आत्ती? साळूबाई चुलीकडं तोंड करून बसली होती. आलं, म्हणाली.

विजयमाला हसली. भाकरी संपली होती. मग ती जरा ओशाळून म्हणाली की आणखी अर्धी द्या, आज भूक हाय. कधी मागत नसे ती. साळूबाईनं अख्खी भाकरी मोडून तिच्या ताटात घातली, वर लोण्याचा गोळा घातला, आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"थांबू नगा ताई," ती म्हणाली. "वाचा."